तलाव खोदण्याआधी पाणी कुठं जातं ते मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो असा : गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गावाला साधारण ४२ एकरांचा मामा तलाव, म्हणजे मालगुजारीच्या काळातला जुना तलाव. पूर्वी त्यात उन्हाळाभर पाणी असायचं, आता होळीच्या आधीच तळ दिसतो. मासेमारी संस्थेचं उत्पन्न घटलं, काठ बेशरमाच्या रानटी झुडपानं भरला. यंदा एका दात्याकडून जेसीबी आणि डिझेलचा खर्च मिळतोय, पण तो मार्चअखेरच्या आत संपवायचा आहे. म्हणून धान निघाल्याबरोबर डिसेंबरातच खोलीकरण सुरू करावं का, आणि हिवाळ्यात बचतगटाच्या बायांनी नि गावातल्या पोरांनी आणखी काय हाती घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, घरातला. आमच्या गावच्या संस्थेचा हिशेब बरीच वर्षं लिहिला आणि पुढे भंडारा-गोंदियातल्या अनेक गावांबरोबर तलावांचं काम केलं. तुमचा तलाव मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी तिथं जाऊन बघितल्याशिवाय ठरणार नाहीत. त्या कुठल्या, ते ओघात सांगतो. एक मात्र आत्ताच सांगतो : डिसेंबरात खोदू नका.

कारणं साधी आहेत. डिसेंबरात तलावात पाणी असतं आणि जिथं ते ओसरलं आहे तिथंही चिखल असतो. यंत्र रुततं, निघताना पाळ (तलावाचा मातीचा बांध) तुडवतं, आणि डिझेल नुसतं चिखल कालवण्यात जातं. काढलेला गाळ टाकायचा कुठं, हाही प्रश्न. भारी धान डिसेंबरात निघतं ना निघतं तोवर त्याच बांध्यांत (धानाच्या खाचरांत) लाखोळीचं (लाख डाळीचं) पीक उगवून आलेलं असतं, कारण ते उभ्या धानातच पेरलेलं असतं. त्या बांधीत ट्रॉली कोण घालू देईल? लाखोळी, जवस फेब्रुवारी-मार्चात निघाल्यावरच शेतं मोकळी होतात. तेव्हा गाळ शेतकऱ्याला हवाही असतो आणि नेताही येतो. तुमचा तलाव होळीआधी आटतो म्हणता. मग मार्चात मधला भाग यंत्र उतरण्याइतका वाळलेला असेल आणि तुमची पैशाची मुदतही सांभाळली जाईल. घाईचं कारणच उरत नाही.

पण मला खरी काळजी वेगळी आहे. पाणी टिकत नाही याचा अर्थ तलाव गाळानं भरला, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही तसं. मात्र मी पाहिलेल्या तलावांपैकी बऱ्याच ठिकाणी पाणी जायची वाट दुसरीच निघाली. म्हणून आधी गणित करू.

४२ एकर म्हणजे साधारण १७ हेक्टर. समजा तुम्ही त्यातल्या ५ हेक्टरांवरचा एक फूट गाळ काढला. तो झाला सुमारे १५,००० घनमीटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ३ घनमीटर धरले तरी ५,००० खेपा होतात, आणि खणलेली माती फुगते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. एवढं सगळं करून तलावात वाढलेली जागा ती तेवढीच, १५,००० घनमीटर.

आता सांडव्याकडे, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेकडे या. पुष्कळ मामा तलावांचा सांडवा कुणीतरी, कधीतरी फूटभर फोडलेला असतो. वरच्या अंगाच्या शेतात पाणी घुसू नये म्हणून पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री चार दगड काढले जातात आणि ते परत बसवले जात नाहीत. तलाव भरलेला असताना १७ हेक्टरांवर एक फूट पाणी म्हणजे जवळपास ५१,००० घनमीटर. तुमच्या खोदकामाच्या तिपटीहून जास्त. आणि दुरुस्तीला लागतात गवंडी, दगड आणि सिमेंट, फार तर आठवडाभराचं काम.

तिसरी वाट तुडूम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं पाळीतलं दार. जुन्या तुडुमाची डट्टी (बूच) नीट बसत नाही, बाजूची चुन्यातली जुडाई (दगडी बांधकाम) खिळखिळी होते आणि बारा महिने पाण्याची एक धार नहरात (कालव्यात) वाहत राहते. गावाला तिची इतकी सवय होते की बाया तिथंच कपडे धुतात आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही. सेकंदाला एक लिटर गळत असेल तर दिवसाला ८६,४०० लिटर, म्हणजे ८६ घनमीटरांहून जास्त. शंभर दिवसांत ८,६०० घनमीटर. तुमच्या ५,००० खेपांतल्या निम्म्याहून जास्त खेपांचं पाणी त्या एका धारेनं जातं.

मोजायला काही लागत नाही. १५ लिटरची बादली धारेखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. पंधरा सेकंदांत भरली तर गळती सेकंदाला एक लिटर. दहावीतली पोरगी हे करू शकते, आणि हे काम मी मुद्दाम पोरींकडेच देत आलो. त्यांनी आकडा फळ्यावर लिहिला की ग्रामसभेत कुणी वाद घालत नाही.

चौथी वाट जमिनीतून आणि पाळीखालून झिरपण्याची. ती अशी ओळखायची : नोव्हेंबरअखेरीस कुणाला ओलिताची गरज नसते असे पंधरा दिवस निवडा, तुडूम बंद करा आणि तलावात एक जाड बांबू ठोकून त्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. रोज सकाळी वारा उठायच्या आधी पाणी कुठं आहे ते वहीत लिहा. हिवाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची वाफ होऊन दिवसाला साधारण तीन-चार मिलिमीटर पाणी कमी होतं. पंधरा दिवसांत पाच-सहा सेंटिमीटर पातळी उतरली तर ती उन्हावाऱ्यानं गेली. बारा-पंधरा सेंटिमीटर उतरली तर पाणी कुठूनतरी निसटतंय, आणि खोदून ते थांबणार नाही. उलट खोदताना तळाची चिकण माती फोडून खालचा मुरूम उघडा पडला, तर ते आणखी जोरात जाईल.

हे मी ऐकीव सांगत नाही. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी एका गावात आम्ही मोठ्या हौसेनं तलाव खोल केला. जितकं खोल तितकं पाणी, असं तेव्हा मलाही वाटायचं. यंत्रवाल्याला घनमीटरवर पैसे होते, त्यामुळे जिथं माती सोपी तिथं तो खणत गेला. पाळीच्या पायथ्यापासून दहा पावलांवर त्यानं दीड पुरुष खड्डा केला आणि मी तिथं उभा असून त्याला अडवलं नाही. पहिल्या पावसाळ्यात तलाव भरला, गावानं नारळ फोडला, आणि जानेवारीत तो खड्डाच सगळ्यात आधी कोरडा पडला. खालचा मुरूम उघडा झाला होता. पुढची तीन वर्षं आम्ही बैलगाडीनं चिकण माती आणून तो खड्डा बुजवत होतो. त्या गावचे म्हातारे अजून माझ्याशी नीट बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून नेम केला आहे. पाळीच्या आतल्या पायथ्यापासून निदान तीस-चाळीस फूट यंत्राला बंदी. तळाचा रंग बदलला, हाताला खरखरीत मुरूम लागला, की तिथंच थांबायचं.

गाळ खरोखर किती आहे, हे कळायचा उत्तम काळ म्हणजे आत्ताचा, दिवाळीनंतरचा. पाणी भरपूर आणि संथ असतं, डोंगा (लहान होडी) सगळीकडे फिरतो. संस्थेतल्या दोन जाणत्या ढिवरांना बरोबर घ्या. पाळीवरून समोरच्या काठाकडे दोरी ताणा, तिला वीस-वीस मीटरांवर फडकं बांधा आणि प्रत्येक फडक्यापाशी बांबू उभा सोडा. तो नुसता टेकतो तिथं पाण्याची खोली मोजा. मग जोर लावून कठीण तळ लागेपर्यंत दाबा आणि पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे गाळ. अशा सात-आठ रांगा झाल्या की चौकटीच्या कागदावर तुमच्या तलावाचा नकाशा तयार. दोन दिवसांचं काम, पण पुढचे सगळे वाद त्या कागदावर मिटतात. माझा अनुभव असा, की गाळ सगळीकडे सारखा कधीच नसतो. जिथून नाला येतो त्या तोंडाशी तो जास्त असतो, मधल्या गाभ्यात थोडा, आणि पाळीजवळ कधीकधी अगदी कमी.

यातली एक गोष्ट तुम्हालाच बघावी लागेल : यंदाच्या पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी गेलं का? गेलं असेल तर सांडव्याची उंची पूर्ववत करण्यात अर्थ आहे. तलाव भरलाच नसेल तर वरून येणारं पाणीच कुठंतरी अडलं आहे. रस्त्याचा भराव, बुजलेली मोरी, वरची नवी बोडी (छोटं तळं), काहीही असू शकतं. मग खोदणंही व्यर्थ आणि सांडवाही व्यर्थ. आधी नाला धरून वर चालत जा. आणि सांडवा मूळच्या पातळीच्या वर एक इंचही नेऊ नका. पाळ तेवढ्या पाण्यासाठी बांधलेली नाही. मूळची पातळी जुन्या जुडाईवरून, बाजूच्या भिंतीवरच्या डागावरून कळते. शंका असेल तर अभियंत्याला बोलावून लेव्हल घ्या.

पाळीचं म्हणाल तर आमच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. म्हातारी माणसं तिला 'पार' म्हणतात आणि तिच्यावर चप्पल काढून चालतात. हिवाळ्यात ती दोनदा पूर्ण चालून बघायची. एकदा वरून, एकदा बाहेरच्या अंगाच्या पायथ्यानं. पायथ्याशी ओल असेल, नितळ पाणी पाझरत असेल, तर घाबरू नका, खुणेचा दगड ठेवा आणि दर आठवड्याला बघा. गढूळ पाणी येत असेल तर मात्र पाळीतली माती त्याच्याबरोबर वाहून चालली आहे. तिथं बाहेरून माती किंवा सिमेंट कोंबायची चूक लोक हमखास करतात. त्यानं पाणी आतल्या आत दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं. त्या तोंडावर आधी जाड रेती, वर बारीक गिट्टी, त्यावर दगड असा थर द्या, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. तलावाची पातळी उतरवा आणि त्याच दिवशी लघु पाटबंधारे विभागाला लेखी कळवा. घुशी नि खेकड्यांची बिळं असतील तर ती पूर्ण उकरून, ओलसर माती थराथरानं भरून, धुमसानं ठोकायची. वरवर टोपलंभर कन्हार (काळी चिकण माती) टाकून उपयोग नाही, कन्हार उन्हाळ्यात तडकते. पाळीवरची झुडपं काढा, मोठी झाडं तोडू नका. मोठं झाड तोडलं की मुळं आत सडतात आणि पाच-सात वर्षांनी तिथं पाण्याची नळी तयार होते.

तुडुमाची पक्की दुरुस्ती पाणी खाली गेल्यावर, फेब्रुवारीत. तोवर आतल्या बाजूनं चिकण मातीत कालवलेलं जुनं पोतं लावून धार कमी करता येते. मात्र पोरांना बजावून ठेवा, तुडूम उघडा असताना आत कुणीही बुडी मारायची नाही. पाण्याची ओढ हात-पाय धरून ठेवते. आधी बाहेरून बंद, मग आत उतरणं, आणि कमरेला दोर बांधून.

आता माझ्या जिवाजवळची गोष्ट, आणि तुमच्या संस्थेचे मासे कमी होण्याचं कारणही बहुधा तीच आहे. मामा तलाव हा हौद नव्हे. त्याचा तळ पाळीकडून वरच्या अंगाकडे हळूहळू चढत जातो आणि वरचा काठ दूरवर उथळ पसरतो. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून हे तलाव बांधले ते याच ढबीचे. तुमच्या शेजारचा नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला आणि लोकांनी त्यांना देवपण दिलं. त्या उतारावर पाण्याच्या खोलीप्रमाणे वनस्पती बदलतात. काठाला देवधान (रानटी धान), त्याच्या आत पोयणी, कुमुदिनी, आणखी आत पाण्याखालची हायड्रिला, वॅलिस्नेरिया. मासे अंडी घालतात ती या उथळ, झाडोऱ्याच्या भागात. मरळ तर पिल्लांचा लाल थवा घेऊन तिथंच फिरते. बदकं, पाणकोंबड्या, सारस यांचं खाणं त्याच पट्ट्यात असतं.

यंत्रवाला मोकळा सोडला की तो सगळ्या तलावाची परात करून ठेवतो. काठापासूनच खोल. मग उथळ पट्टा संपतो, वनस्पती जातात, गावठी मासे जातात, आणि संस्थेला दरवर्षी कटला-रोहूचं बीज विकत आणून सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ढिवरांच्या घरात मरळ, मागूर, शिंगूर हे बीज न सोडता मिळणारे मासे होते. बाजारात नेले तर भाव चांगला, नाही नेले तर घरची भाजी झाली. ती भाजी गेली ती या खोदकामांनी आणि बेशरमानं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून खोदायचं तर मधल्या गाभ्यात, नकाशावर जिथं गाळ दोन फुटांहून जास्त आहे तिथंच, आणि काठाकडे हळूहळू उतार ठेवून. निम्म्याहून जास्त तलाव अजिबात हात न लावता सोडा. त्यातच नाल्याचं तोंड आणि देवधानाचा पट्टा येऊ द्या.

बेशरम मात्र सगळं काढायचं, आणि ते हिवाळ्याचंच काम आहे. पाणी ओसरत जातं तशी तिची बुडं उघडी पडतात, जमीन ओली असल्यानं मुळासकट उपटून येतात. वैशाखात तीच जमीन दगड होते आणि मग लोक कोयत्यानं वरून छाटतात. छाटलेली बेशरम दुप्पट फुटते. उपटलेला एक दांडाही ओल्या जागी पडू देऊ नका, तो तिथंच मुळं धरतो. पाळीच्या बाहेर, उंच कोरड्या जागी ढीग लावून पूर्ण वाळू द्या, मग जाळा. शेळ्या त्या ढिगाकडे जाणार नाहीत एवढं बघा, तिचा पाला खायची सवय लागली की शेळी खंगून मरते. एका वर्षात हे संपत नाही. पुढच्या दोन हिवाळ्यांत राहिलेली रोपटी हातानं उपटावीच लागतात. तेवढी तयारी नसेल तर सुरूच करू नका, असं मी गावांना स्पष्ट सांगतो.

बेशरम निघालेल्या जागी उन्हाळ्यात नांगर फिरवायचा आणि पावसाळ्यात पाणी चढू लागलं की गावठी पाणवनस्पती लावायच्या. तुमच्याच तालुक्यात तलावांवर काम करणाऱ्या पतिराम तुमसरे आणि मनीष राजनकर यांनी ढिवर बायांना बरोबर घेऊन हे करून दाखवलं आहे. तिथं जाऊन या, एका दिवसाचा प्रवास आहे. हिवाळ्यात तुमच्या बचतगटानं करायचं ते यादीचं काम. साठीच्या पुढच्या ढिवर बायांना काठानं फिरवा आणि कुठली वनस्पती कुठं होती, तिला काय म्हणतात, कुठला मासा तिच्यात राहायचा, हे लिहून घ्या. पुरुष माशांची नावं सांगतात, गवताची नावं बायांनाच येतात. आसपासच्या कुठल्या तलावात ती अजून शिल्लक आहे तेही विचारा, जुलैत रोपं तिथूनच आणायची आहेत.

आता माणसांचं. तलावावर निदान तीन जणांचा जीव अडकलेला असतो. खालच्या धानवाल्याला आश्विन-कार्तिकात शेवटचं पाणी हवं. ढिवराला ते उन्हाळ्यापर्यंत राखायचं आहे. वरच्या काठाच्या गाळपेरवाल्याला (पाणी ओसरलेल्या जागेत पेरणाऱ्याला) ते लवकर ओसरलेलं हवं, कारण त्या ओलीवर त्याचा हरभरा असतो. सांडवा पूर्ववत करायचं म्हटलं की हा तिसरा माणूस आडवा येणार, आणि त्याचं घर त्यावर चालत असेल तर त्याचं ऐकूनच घ्यावं लागेल. गुपचूप दुरुस्ती केली तर गुपचूप फुटेल. एका गावात आम्ही अशा चार घरांना मधल्या भागातला गाळ आधी आणि घरपोच दिला आणि त्यांनी सांडवा मान्य केला. दुसऱ्या गावात काहीच जमलं नाही, तिथं सांडवा आजही फुटका आहे.

बैठक कधी घ्यावी? कापलेल्या धानाचे पुंजणे (ढीग) रानात असताना कुणी येणार नाही. चुरणे (मळणी) आटोपले, गावची मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) ठरली, की नागपूरला गेलेली पोरंही घरी असतात, रात्री दंडार (लोकनाट्य) किंवा नाटक असतं, सगळ्यांचा जीव मोकळा असतो. मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळीवरच, पातळीच्या बांबूपाशी बसा. सभागृहात बसलं की लोक भाषणं करतात, पाळीवर बसलं की बोट दाखवून बोलतात.

कागदांची बाजू तुम्ही ग्रामपंचायत सदस्य म्हणून सहज करू शकाल. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. १०० हेक्टरांपर्यंत सिंचनाचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. म्हणजे पाळ, तुडूम, सांडवा यांना हात लावायचा तर त्यांची लेखी परवानगी हवी, गाळ काढायलाही. मासेमारीचा ठेका संस्थेकडे असेल तर तिचा ठराव वेगळा. तहसील कार्यालयातून निस्तार पत्रकाची प्रत काढून ठेवा, त्यात गावाचे पाण्यावरचे, गुरांचे, वाटेचे जुने हक्क लिहिलेले असतात. अतिक्रमणाची शंका असेल तर मोजणीचा अर्ज आत्ताच द्या, हे काम महिन्यांवर जातं.

पोरांसाठी आणि बायांसाठी आणखी तीन लहान कामं सुचवतो.

शिंगाडा तुमच्या तलावात होत असेल तर आत्ता तोडणी चालू असेल. दुसऱ्या-तिसऱ्या तोडीतली टपोरी, पूर्ण पिकलेली फळं बियाण्यासाठी बाजूला काढा आणि माठात पाण्याखाली ठेवा. पाणी अधूनमधून बदला. एकदा वाळलं की बी मेलं. जानेवारीअखेरीस कोंब दिसू लागतात, मग ती बोडीत रोपासाठी टाकायची. दरवर्षी बाहेरून वेल विकत आणणाऱ्या गटाला यात खरी बचत आहे.

दुसरं, मरळीवर लक्ष. गोंदियाची थंडी विदर्भात सगळ्यात कडक, आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की मरळीच्या अंगावर लाल चट्टे, जखमा दिसू लागतात. असा मासा दिसला तर तो पाण्यात परत टाकू नका, दुसऱ्या तलावात नेऊ नका, आणि त्या तलावातलं जाळं उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसरीकडे वापरू नका. मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा, चुन्याचं प्रमाण तेच तलाव बघून सांगतील. जाळी विणायची, दुरुस्त करायची कामंही याच दिवसांतली, तेव्हा बारीक आसाची (बारीक भोकांची) जाळी बाजूला काढायचा ठराव संस्थेनं याच बैठकीत करून टाकावा.

तिसरं, सारस. महाराष्ट्रात ते आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच तग धरून आहेत. पावसाळ्यात घरटं झालं असेल तर या दिवसांत जोडीबरोबर एखादं पिल्लू कापलेल्या बांध्यांत चरताना दिसेल. शाळेच्या मुलांना लांबून, सकाळी, नोंदवहीत जागा आणि संख्या लिहायला लावा. मार्चात ट्रॉल्यांची वाट आखताना ती वही काढा आणि त्यांच्या नेहमीच्या जागेवरून वाट नेऊ नका.

राहता राहिला दात्याचा पैसा. त्यांना जाऊन सांगा, की तुमच्या पैशातून जानेवारीत सांडवा, फेब्रुवारीत तुडूम, हिवाळाभर बेशरमाची मजुरी आणि मार्चात नकाशावर खूण केलेल्या तेवढ्याच जागेचा गाळ. सोबत बांबूचा नकाशा, बादलीचा आकडा आणि पंधरा दिवसांची पातळीची वही न्या. त्यांना जेसीबीपुढे फोटोच हवा असेल तर मार्चात तोही मिळेल. त्यांनी 'फक्त खोदकामालाच पैसे' असा हट्ट धरला, तर यंत्राचे तास अर्धे मागा आणि यंत्र चालू असेपर्यंत गावातला एक माणूस दिवसभर त्याच्याजवळ उभा ठेवा. मी तेव्हा उभा होतो पण बोललो नाही. तुमचा माणूस बोलणारा निवडा.

पातळीचा बांबू मात्र मंडईची वाट न बघता या आठवड्यातच ठोका. पंधरा दिवसांचे आकडे आणि तुडुमाच्या धारेचे सेकंद मला कळवा, मग तुमच्या तलावाविषयी याहून नेमकं काही सांगता येईल.